तेल लावून उठून जावं

मेच्या शेवटी औसा रोडच्या होस्टेलांतून
कपाटं येतात टेम्पोनं, उताणी,
पोटात एखादा हँगर खडखडत.
गैबीसाब एकेकाला थोपटतात, किंमत मनात ठेवतात
आणि माझ्याकडं ढकलतात: 'प्रयागबाई, साल काढा.'

साल म्हणजे स्टिकर.
आवर्त सारणी. दात घासणारा वाघ.
फिजिक्सची सूत्रं चारही कडांनी टेप मारलेली,
जशी काय रात्रीतून पळून जातील.
दाराच्या आत, आरशाखाली, बारीक अक्षरात:
'आईला फोन रविवारी. रडायचं नाही.'
पाणी लावलं की आधी शाई जाते,
मग कागद.
गोंद जात नाही.

गोंदाला वय असतं.
वर्षाचा असला तर बोटाखाली वळतो, शेवयांसारखा.
तीन वर्षांचा पिवळा पडतो, कडक होतो.
पाच वर्षांचा लोखंडाशी काय बोलून बसलेला असतो
त्याचं त्याला ठाऊक.

नवी होते तेव्हा मी ब्लेड घेतलं होतं.
गोंद निघाला, रंगही निघाला,
ओरखड्यांतून पुढं तांबेरा फुटला.
गैबीसाबनी पैसे नाही कापले,
ते कपाटच माझ्या घरी पाठवून दिलं.
अजून आहे. साडी काढताना
माझी घाई मला रोज दिसते.

थिनरचं सांगते:
गोंद पळतो, त्याच्यामागं रंग पळतो,
आणि दोघांच्या मागं आपलं डोकं.
तारेची घासणी स्टीलच्या डब्याला नको,
लावायचीच तर पत्र्याची रेघ ज्या अंगाला
हात त्या अंगाला.

म्हणून तेल.
शेजारच्या हॉटेलातलं, भजी तळून काळं झालेलं.
कपाट उन्हात आडवं करायचं
(आमच्या उन्हाचा दुसरा उपयोग
मला तरी सापडलेला नाही),
चिंधी तेलात बुडवून डागावर पसरायची
आणि तिथून उठून जायचं.

हेच अवघड.
नवी पोरगी दर पाच मिनिटांनी चिंधी उचलून बघते.
'काय करूलालीस?' मी ओरडते,
'भाकर हाय का ती, उलटूलालीस!'
चहा पी. दुसरं कपाट बघ.
धरून बसलेल्याला जरा एकटं सोडावं लागतं.

मग जुनं एटीएम कार्ड. धार नाही, कड आहे.
कडेनं शिरायचं, मधून नाही.
मग सोडा, साबण, कोरडं फडकं,
नाहीतर तेलावर धूळ बसते
आणि लातूरची धूळ म्हणजे गोंदाची सख्खी बहीण.

मागच्या आठवड्यात निलंग्याहून एक बाप आला,
लेकीला कपाट घ्यायला.
सगळं कपाट उन्हानं, हातांनी फिकटलेलं,
दारावर मधोमध वहीएवढा चौकोन, गर्द पोपटी.
त्यानं बोट ठेवलं. 'हा डाग?'
म्हटलं, दादा, डाग नाही.
तेवढंच कपाट आहे, बाकीचं उडालंय.
तो हसला नाही. दोनशे कमी करा म्हणाला.
गैबीसाबनी शंभर केले.
टेम्पोत चढवताना त्यानं खिशातून
लेकीनं दिलेलं एक चमकीचं फुलपाखरू काढलं,
मागचा कागद दातानं सोलला
आणि बरोबर त्याच चौकोनावर
अंगठ्यानं दाबून, दाबून बसवलं.

मी काही बोलले नाही.
दोन वर्षांनी येईलच ते माझ्याकडं.

आज रेशनच्या मशीनवर
माझा अंगठा तिसऱ्यांदा जुळला नाही.
दुकानदार म्हणाला, मावशी, बोट पुसून लावा.
पुसलं.
पदर चिकटला.