हातचे दोन

कॅमेरा घेतला तेव्हा बेकरीतला सातवा पगार हातात होता.
पुंता अरेनासच्या करमुक्त बाजारात, काचेमागे,
किमतीची चिठ्ठी उलटी ठेवलेला.
विक्रेत्यानं एवढंच सांगितलं:
इथं वारा आहे, बाई. पाचशेच्या खाली उतरू नका.

म्हणून पहिलं रीळ सगळं पाचशेवर.
सेकंदाचा पाचशेवा भाग, छिद्र चार, ढगाळ.
शेजारच्या एदुविनाच्या दोरीवर
वारं प्यायलेल्या वासरांसारख्या उधळलेल्या चादरी
छापून आल्या त्या पत्र्यासारख्या ताठ.
कोपऱ्यावरचं कुत्रं, एक कान वर, तो वरच.
टोपी धरून वळणारा पोस्टमन बार्रीया
टोपी धरूनच राहिला.
सगळं होतं फोटोंत, वारा तेवढा नव्हता.
मीठ विसरलेला पाव.
दिसायला पावच.

हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांपासून, मी लिहीत गेले:
क्रमांक अकरा. छिद्र आठ, एकशेपंचवीस. सामुद्रधुनी, शिशाच्या रंगाची.
फेरी दिसते का? नाही.
क्रमांक चौदा. लाल छप्पर. ऊन चार मिनिटं होतं. घाई केली.
क्रमांक एकोणीस. लेन्सवर पीठ.

तिसऱ्या रिळात बाबा.
चाळीस वर्षं त्या हातांनी मेंढ्यांची लोकर उतरवली,
एका मेंढीला तीन मिनिटं, ओरखडा नाही.
आता चमचा कपात ठेवला की
कप बोलायला लागतो.
क्रमांक सत्तावीस. खिडकीशी. छिद्र दोन, फिल्म सोळाशेला ओढली,
वेग तोच, पाचशे. हात.

फोटो आला. टेबलावर हात, स्वस्थ,
नखाखालची रेघ दिसावी इतके स्वच्छ.
बाबांनी तो डोळ्यांपासून लांब धरला.
हलत्या हातात न हलणारे हात.
म्हणाले, बघ, काही झालेलं नाही मला.
हा झ्देन्काला पाठव.

आत्या पलीकडे, पोर्वेनीरला.
फेरी सुटली तर दोन तास.
पाठवला. खोटा नव्हता तो.
पाचशेव्या भागापुरते हात खरंच थांबले होते.
उरलेले चारशे नव्व्याण्णव
कुणाला पाठवायचे?

जूनमध्ये साडेचारलाच दिवा लावावा लागतो.
तेव्हा पहिल्यांदा चकती उलटी फिरवली,
साठ, तीस, पंधरा, आठ,
चारवर थांबले.
कॅमेरा पिठाच्या डब्यावर टेकवला, श्वास धरला.
शटर उघडलं
आणि दारातून कुणी आत येऊन
पुन्हा बाहेर जावं, इतका वेळ उघडं राहिल्यासारखं वाटलं.

या फोटोत कप ठाम. टेबल ठाम.
किटलीच्या कानावरचा टवका ठाम.
हातांच्या जागी काहीतरी पांढरं, कडा नसलेलं.

आठवडाभर दाखवला नाही.
मग वही चाळताना त्यांनाच सापडला.
फोकस चुकला, म्हणाले.
मी म्हटलं, हो.
चहा निम्मा झाल्यावर:
लोकर दिसतेय ही. पोटाकडची.
हिला भाव कमी येतो.
आणि फोटो परत वहीत ठेवला, पान न बदलता.

आज काउंटर चौतीसवर.
छत्तीसातून चौतीस गेले, हातचे दोन.
चौकात दोर बांधलेत, माणसं दोर धरून चाललीत,
एदुविनाची एक चादर कुंपण ओलांडून
बार्रीयाच्या सायकलीला गुंडाळली गेलीय
आणि तो हसतोय की शिव्या देतोय,
इथून कळत नाही.

बाबा दारातून ओरडतात, कितीवर ठेवलंयस?
वाऱ्यात माझा आवाज तिथवर जायचा नाही.
एका हातानं कॅमेरा डोळ्याला धरून
दुसरा वर करते, पंजा उघडून:
पाच.
पुन्हा पाच.
पुन्हा पाच.