जवारी

हॉल शाळेचा, पत्र्याचा, मिरज स्टेशनच्या अलीकडे.
गाद्या चार. एकीचं पोट फुटलंय,
उडी पडली की काथ्या बाहेर डोकावतो.

माझी हँडस्प्रिंग बरी होती.
म्हणजे गॅदरिंगला टाळ्या पडायच्या.
आवटी मॅडमच्या नाही पडायच्या.
"मागं खुर्ची आहे असं समज. बस.
आता ती कुणीतरी ओढून घेतली.
गुडघे पुढं सरकले की संपलं,
घसरशील नुसती."
रोज चाळीस वेळा
मी नसलेल्या खुर्चीवर बसले.

आणि टक.
हवेत जायच्या आधीच मान मागं जायची,
जमीन कुठाय ते बघायला,
जशी काही ती पळूनच जाणार होती.
"अल्फिया, मान नको!
भिंतीवरचा तो ओलीचा डाग दिसतो?
त्याच्याकडं बघत वर जा.
मागं नाही गं. वर.
मागं जायचं ते आपोआप जातं."
मी डागाकडं बघायची, डाग माझ्याकडं,
आणि ऐनवेळी मीच नजर चोरायची.

घरी आढ्याला भोपळे टांगलेले,
सतारी व्हायच्या वाटेवर.
खाली अब्बा जवारी काढत बसलेले:
घोडीवर कानस एकदा, हलकीच,
तार छेडायची,
कान खाली न्यायचा,
पुन्हा एकदा कानस.
"किती घासायचं, कसं कळतं?"
"जास्त झालं की कळतं," अब्बा म्हणतात,
"पण तेव्हा घोडी वाया गेलेली असते."

एकदा ते मला न्यायला आले.
दारात चपलांच्या शेजारी बसले,
हॉलकडं पाठ करून.
मला उलटं बघितलं की त्यांच्या पोटात गोळा येतो.
मी सात-आठ हँडस्प्रिंग मारल्या.
ते रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहिले.

जाताना लुनावर, फाटकापाशी थांबलो तेव्हा म्हणाले,
"तुझा दुसरा ठोका फुटतोय."
"काय?"
"हात पडतात तो एक आवाज. साफ.
पाय पडतात ते दोन.
आधी एक, मग दुसरा, केसाएवढा मागून.
जोडीच्या तारा जुळल्या नसल्या की होतं तसं."
मालगाडी जाईपर्यंत मी डबे मोजले.
एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोबाईलवर
मला संथ करून बघितलं. दोनदा.
उजवा पाय आधी.
मग बोट वर सरकवत सरकवत
माझ्या डाव्या खांद्यावर ठेवलं.
"हा ढकलतच नाही."

सातवीत मोडलेला हात.
कधीच बरा झालेला.
मीच त्याला कामावर घेत नव्हते.

मग दीड महिना टक नाही, काही नाही.
भिंतीला पाय लावून हातांवर उभी,
कोपर न मोडता,
फक्त खांद्यांनी जमीन खाली लोटायची,
बोटभर. तेवढंच.
बारक्या पोरी शेजारून कोलांट्या मारत जायच्या
आणि विचारायच्या, "ताई, तू शिक्षा भोगतीयस का?"

एका गुरुवारी हँडस्प्रिंगनंतर
दोन्ही पाय एकदम लागले. टप्.
मला काही करावं लागलं नाही,
जमिनीनंच वर टाकलं.
डाग दिसला.
डाग दिसतच राहिला,
गुडघे छातीशी आले, मी गोल झाले,
आतून पोकळ, आढ्याला टांगलेली,
आणि मग पत्रा, दिवा, मॅडमची पिवळी चप्पल
भलत्याच क्रमानं येऊन गेली.

उतरले ती उकिडवीच.
गुडघा नाकावर बसलेला.
रक्त गादीवर, फुटक्या पोटाजवळ,
आणि मी हसतेय
आणि मॅडम बर्फ बर्फ म्हणून ओरडतायत.

घरी आले तर अब्बा कानसेवर वाकलेले.
त्यांनी वर बघितलं नाही.
"लागली?"
"लागली. पण जरा बसकी."
त्यांनी तार छेडली, कान खाली नेला,
घोडीवरची भुकटी फुंकली.
"मग आज राहू दे," म्हणाले,
"उद्या अजून एक हात फिरवू."