एकाहत्तर सेंटिमीटर

तालिन्नच्या तटाखाली, मिठाच्या जुन्या कोठारात
तळमजल्यावर राहतात एंडेल आणि साल्मे.
चारशे वर्षांपूर्वी इथं जहाजांवरचं मीठ उतरायचं,
आणि भिंती अजून खाल्ल्या मिठाला जागतात:
कुठलाही रंग लावा, दुसऱ्या हिवाळ्यात
तो सोलून मीठच फुलून वर येतं.

मी वारसा खात्याची. टेप, टॉर्च, फॉर्म नंबर सात.
अर्ज एंडेलचा, पेन्सिलीनं, रेघा पट्टीनं मारलेल्या:
अंगणात सहा चौरस मीटर वाढवायचे आहेत,
न्हाणीघर, उंबरा नसलेलं,
फरशीखाली ऊब देणाऱ्या नळ्या;
आणि दोन खोल्यांमधलं दार रुंद करायचं आहे.

दार मोजलं. एकाहत्तर.
चाकाची खुर्ची अडुसष्ट. उरले तीन,
त्या तिनात साल्मेच्या दोन्ही हातांची बोटं.
चौकटीच्या दगडात एक खोल खाच आहे,
पोती ओढणाऱ्या दोरानं कापलेली.
तिची नोंद आहे, फोटो आहे, तिला क्रमांक आहे.
वीतभर खाली एक तपकिरी डाग,
ताजा. पेरांचा.
त्याला क्रमांक नाही.

"दगडाला हात लावता येणार नाही," मी म्हटलं.
हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणते
की माझा मुलगा फ्रिजचं दार लावतानाही तेच म्हणतो.
मग नियम सांगितले. नवं बांधाल तर
ते नवं आहे हे दिसलं पाहिजे, जुन्याचं सोंग नको;
आणि उद्या काढायचं ठरलं तर
जुन्याला ओरखडाही न येता निघालं पाहिजे.
"म्हणजे आमच्यासारखंच," एंडेल म्हणाला,
आणि कॉफी ओतली.

कपाटामागं टॉर्च मारला.
चुनखडी दगडाची कमान, दीड मीटर रुंद,
आणि तिच्या पोटात विटा. लाल, साध्या,
कुणी घाईघाईनं रचलेल्या, सांधे वाकडेतिकडे.
हातगाडी आत यायची ते दार हे होतं.

"त्रेपन्न सालच्या," एंडेल म्हणाला.
"एका घराची दोन केली तेव्हा.
छोट्या दाराला कुलूप, मोठ्याला विटा.
पलीकडं नार्वाहून आलेलं कुटुंब.
मी नऊचा, ती आठची. भिंतीवर वाजवायचो.
दोनदा म्हणजे, जागी आहेस का.
तीनदा म्हणजे, तुझा बाप प्यालाय का."

यादी चाळली. विटांचा उल्लेख नाही.
पाडा, असं मला तिथल्या तिथं म्हणता आलं असतं.
पण तो विटांवर तळहात ठेवून उभा होता,
आणि विचारत होता,
यांना क्रमांक मिळू शकतो का.

"पाडा," खुर्चीतून साल्मे म्हणाली.
"येईल त्याला हीच गोष्ट.
मी अलीकडं राहायला येऊन साठ वर्षं झाली,
या माणसाला अजून कळलेलं नाही."

सप्टेंबरात तपासणीला गेले.
लार्चचं लाकूड, धुरकट काच, चौदा बोल्ट;
सगळे फिरवून पाहिले, सगळे निघतात.
फॉर्ममध्ये 'काढून टाकलेलं' या रकान्यात लिहिलं:
विटा, तीनशे चाळीस.
शेजारी 'महत्त्व' असा रकाना आहे.
तो कोराच पाठवला. वरून अजून विचारणा नाही.

साल्मे कमानीतून गेली. मधोमध थांबली,
दोन्ही हात बाजूला पसरले, कशालाच लागले नाहीत.
मग न्हाणीघरात शिरून दार लोटून घेतलं.

एंडेलनं काचेवर दोनदा वाजवलं.
पाण्याचा आवाज.
आतून, बऱ्याच वेळानं,
तीन.