फरकाचा रकाना

निवृत्तीच्या दिवशी वैधमापन कार्यालयातून
एक कोरी तपासणी वही घरी आली,
माझ्याच पिशवीतून, डब्याखाली.
पहिली नोंद खरं तर तीच करायला हवी होती.

चार रकाने छापलेले :
सांगितलेलं वजन, भरलेलं वजन, फरक, शेरा.
एकतीस वर्षं हेच भरत आले
शाहूपुरीत गुळाच्या पेढ्यांवर, पेट्रोल पंपांवर,
गुजरीत सोन्याच्या काट्यापुढं श्वास रोखून,
कारण तिथं श्वासानंही पारडं हलतं.

आता भांडी आवरली की
मंगळवार पेठेतल्या या दोन खोल्यांत
मी स्वतःला तोलायला बसते.
अवघड जातं.
जिन्नस मीच, तागडी मीच,
आणि पारड्याला हळूच करंगळी लावणारीही मीच.

सांगितलेलं : मला कशाचा मोह नाही.
भरलेलं : धाकट्या जावेनं पाटल्या केल्या तेव्हा
तीन दिवस मी तिच्या चहाला नावं ठेवली.

सांगितलेलं : मी कुणाला भीत नाही.
भरलेलं : एका पेढीचा मोठा काटा
रव्यामागं पाव किलो खात होता.
मालक म्हणाले, "इंगवले मॅडम, साहेबांशी बोलणं झालंय."
मी चहा घेतला. शिक्का मारला.
पैसे घेतले नाहीत, हे पुढं वर्षानुवर्षं
सगळ्यांना सांगत आले.
चहाचं सांगितलं नाही.

आणि हा दगड.

त्याच आठवड्यात, कपिलतीर्थाच्या मंडईत
आक्काताई यानं मिरच्या तोलायची.
"पावकिलूचा हाय," म्हणाली, "सासूपास्नं चालत आलाय.
मापात पाप न्हाई माज्या."
मला कलम तोंडपाठ होतं.
दंड केला, दगड उचलला.
तिनं कनवटीची गाठ सोडली
आणि दमट नोटा एकेक करून
माझ्या पावती पुस्तकावर ठेवल्या.

कार्यालयात मखमलीच्या पेटीतली प्रमाण वजनं काढली
(ती उघड्या हातानं शिवायची नसतात, घामानं जड होतात)
दगड भरला दोनशे अडुसष्ट ग्रॅम.
अठरा ग्रॅम जास्त.
दर गिऱ्हाइकाला, सासूपासून.

शेऱ्यात मी लिहिलं : वजन अप्रमाणित.
खोटं नव्हतंच ते.
दगड मात्र मुद्देमालात जमा केला नाही,
आणि परतही नेऊन दिला नाही.

काल रंकाळ्यावर फिरताना मध्येच थांबले.
प्रमाण वजनंसुद्धा ठरल्या मुदतीनं
वरच्या प्रयोगशाळेत धाडावी लागतात,
नुसत्या पुसण्यानंही झिजतात ती.
हे मी नव्या पोरांना किती वेळा शिकवलं होतं!
मागून येणारा एक जण धडकला, सॉरी म्हणाला.
मीही म्हणाले.

आज सकाळी दगड पिशवीत घालून मंडईत गेले.
तिच्या जागेवर एक पोरगा,
पुढ्यात लाल आकड्यांचा काटा.
सवयीनं वाकून मी काट्याखाली पाहिलं.
"काय हारवलं व्हय, मावशी?"
आक्काताईंचं विचारलं.
"आज्जी व्हय? तिला जाऊन सात वर्सं झाली."

मग काहीतरी मागायला हवं म्हणून पाव किलो मिरच्या मागितल्या.
आकडा दोनशे पन्नासवर थांबला.
त्यानं तिकडं न बघताच
वरनं आणखी चार टाकल्या.
मी म्हटलं, जास्त झाल्या.
म्हणाला, "असूंदे की."

पिशवीत हात घातला होता,
दगड हाताला लागलाही होता.
सुट्टे पैसे काढून दिले.

सांगितलेलं : परत करीन.
भरलेलं : दगड टेबलावर आहे,
पंख्यानं वहीची पानं उडू नयेत म्हणून.

फरक लिहिला.
शेऱ्याला काही सुचेना, म्हणून
मिरच्यांची देठं काढायला बसले.
त्यातल्या वरच्या चार कुठल्या
ते आता ओळखता येत नव्हतं.