छत्तीसशे

पा-ते रस्त्यामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
माझं टेबल: चार फूट बाय दोन.
काचेखाली रॅमच्या पट्ट्या,
हिरव्या, काळ्या, काही लाल चिलखत घातलेल्या,
उगाच. आत सगळ्यांचं हाड एकच.

आज दुपारी तायतुंगचा एक मुलगा,
क्वो यु-शान, कार्टून हलवायला शिकतोय,
कॉम्प्युटर पोटाशी धरून जिना चढला.
"मावशी, याहून वेगवान द्या.
छत्तीसशेची म्हणून घेतली, निघाली गोगलगाय."

आधी खाच बघितली. खाच खोटं बोलत नाही.
डीडीआर तीनची एका जागी, चारची सरकून पलीकडे,
पाचची मधोमध होता होता राहिलेली.
जोर लावून परक्या घरात बसवणारे पाहिलेत मी;
त्यांचे तुटलेले कोपरे बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत,
दाखवायला.

याच्या दोन होत्या, जुळ्या,
मध्ये एक घर सोडून बसवलेल्या.
पोराला अक्कल होती.
वेगवेगळ्या असत्या तर म्हटलं असतं,
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधलास,
इथे वाणही लागत नाही, गुणही नाही,
चाल लागते फक्त,
हळू चालणाऱ्याची.

"ही अठरा कसली?" त्यानं स्टिकर पुढे केलं.
हाक मारल्यापासून पहिला शब्द हाती येईपर्यंतचे ठोके.
मोठा आकडा सगळे वाचतात, बाबा,
बारीक आकड्याकडे कुणी बघत नाही.
बत्तीसशेला सोळा. छत्तीसशेला अठरा. सहा हजाराला तीस.
ठोके भागून बघ, वेळ काढ.

त्यानं फोनवर केलं.
दहा नॅनोसेकंद.
पुन्हा दहा.
पुन्हा.
वीस वर्षांपूर्वी मी विकायचे ती चारशेची, दोन ठोक्यांची,
तीसुद्धा दहा.

"मग एवढ्या वर्षांत वाढलं काय?"

मागून येणारा लोंढा वाढला.
कोपऱ्यावरच्या सोयादुधाच्या दुकानात
डाव मोठा आणला, बादल्या झपाझप भरतात आता.
पहिला पेला येईपर्यंत मात्र
या पायावरून त्या पायावर, तेवढंच उभं राहायचं.

हे मला कारखान्यात कळलं. ताओयुआनला,
चौदा वर्षं, चाचणीच्या ओळीवर.
एकाच चकतीतून कापलेले शेकडो तुकडे
भट्टीत तापवायचे अन् तापलेले असतानाच पळवायचे.
अडखळला नाही तो वरच्या खणात,
अडखळला तो खालच्या.
नाव, छाप, किंमत, सगळं त्या एका दुपारवरून.
मी आणि माझ्या धाकट्या भावानं
एकाच वर्षी परीक्षा दिली होती.
असो.

कॉम्प्युटर सुरू करता करता
मी ती कळ दाबून धरली, निळा पडदा आला,
अन् कोपऱ्यात तो आकडा:
एकवीसशे तेहतीस.

"बघ. छत्तीसशे ही तिची तयारी, सवय नव्हे.
सुरू होताना मशीन भित्रं असतं,
जपून, सगळ्यांना झेपेल तेवढंच पळवतं.
कुणी मागितलंच नाही
तर ही जन्मभर अशीच चालेल,
तक्रारसुद्धा करणार नाही."

एकच ओळ होती. बंदची चालू केली.
पडदा काळा झाला, क्षणभर वाटलं गेलं सगळं,
मग आला. छत्तीसशे.

मुलगा गप्प. मग म्हणाला, "दोन वर्षं."
हो, दोन वर्षं.
"किती द्यायचे?"
विकलंच नाही काही, तर काय घेऊ?
पलीकडे हिशेब लिहिणाऱ्या जावयानं
पेनाचं टोपण जरा जोरातच लावलं.

संध्याकाळी वीज घालवली.
काचेखालच्या पट्ट्यांना फरक नाही पडत;
त्यांना आठवत राहायला दर क्षणी
कुणीतरी आठवण करून द्यावी लागते,
आणि इथे कोण देणार.

टेबलावर कापड टाकलं. मग काउश्युंगला
भावाला फोन लावला, नवव्या महिन्यानंतर.
उचलला त्यानं.
"मी बोलतेय," म्हटलं,
आणि ठोके मोजत उभी राहिले.