सहा बाय चार समुद्र

हिंदुराव देवकरांनी दिलेलं माप सोफ्याचं होतं.
रुंदी सहा फूट, उंची चार.
"होडी नको. बुडता सूर्य नको. माणूस तर नकोच.
नुसता समुद्र काढा."
आगाऊ पाच हजार मोजले,
अंगठ्याला थुंकी लावून, दोनदा.
"नोट सटकते. रेशनच्या यंत्रावरबी अंगठा उठत नाही आमचा.
तेजाबानं सगळं नेलं."

एकतीस वर्षं गलाईचं दुकान, अलेप्पीला.
आमच्या विट्यात निम्म्या घरांचा एक पत्ता
असा कुठंतरी लांब असतो.

मी समुद्र पाहिला एकदा. शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला,
त्यातही अर्धा वेळ गेला चप्पल शोधण्यात.
हे त्यांना सांगितलं नाही.

कापड ताणलं, खिळे ठोकले, पांढऱ्याचे तीन हात दिले.
खाली यंत्रमाग. फरशी दिवसभर थरथरते,
ब्रश धुवायच्या डब्यात
टर्पेंटाइनला बारीक वलयं उठतात.

मग सगळ्यावर काव फासली, पातळ.
ते गुरुवारी आले, बाजार करून, पिशवीतून मेथी डोकावत होती.
बघत राहिले.
"हे तर आपलं रान. टेंभूचं पाणी यायच्या आधीचं."
म्हटलं, निळ्याखाली तांबडं लागतं,
नाहीतर पाणी कागदी दिसतं.
"पाण्याखाली रान," ते म्हणाले. "चालंल."

क्षितिजासाठी शेजारच्या बांधकामावरून लेव्हल आणली.
बुडबुडा मधोमध आल्यावर
खडू लावलेला दोरा ताणून एक फटका मारला.
सबंध चित्रात खात्रीची तेवढी एकच रेघ.

आधी पातळ, मग तेलकट, हा नियम.
जवसाच्या तेलाला घाई चालत नाही.
आठ-आठ दिवस समुद्र भिंतीला टेकून वाळायचा,
तोवर मी वाढदिवसांचे फलक रंगवायचो.
मागाची कापसी धूळ वर यायची, ओल्या पाण्यावर बसायची,
चिमट्यानं वेचायचो. काही तंतू राहिले.
लांबून फेस वाटतात.

पुढची लाट जमली होती. हिरवट, आतून उजेड आलेली.
त्यांना विचारलं, तिकडं सकाळी असाच दिसतो का?
ते बराच वेळ बोलले नाहीत.
"दुकान गल्लीत. खिडकी नव्हतीच,
सोन्याचा माल, भट्टीचा उजेड बाहेर जाऊन चालत नाही.
समुद्र अर्ध्या मैलावर.
रात्री कांडी गार व्हायची वाट बघत बसलं की ऐकू यायचा.
बघितला म्हणाल तर चार वेळा.
त्यातला एकदा धाकट्याची राख घेऊन."

ते गेल्यावर लाट सुरीनं खरवडली.
कॅलेंडरमधलीच होती ती.
खालून काव निघाली, ती राहू दिली कुठं कुठं.
मग प्रशियन निळा, थोडा काळा,
रात्रपाळीचे माग सुरू असताना.
हात हलत होता. लांबचं पाणी हललेलंच ठेवलं.

फेस शेवटी. पांढरा, सुरीनं, बोटभर जाड.
"हा आतून वाळायला सहा महिने.
तोवर वार्निश नाही, आणि हात लावायचा नाही कुणी."
त्यांनी मान डोलावली, उरलेले पैसे मोजले. दोनदा.

दिवाळीनंतर वार्निशची बाटली घेऊन गेलो.
सोफा दुसऱ्या खोलीत गेलेला.
चित्र खाली, अगदी खाली टांगलेलं,
समोर त्यांची कॉट.
बसल्यावर क्षितिज बरोबर डोळ्याशी.

डाव्या कोपऱ्यात फेसाला खळगा पडला होता.
"नातवंडं," ते म्हणाले. "ऐकत्यात व्हय?"
मी बॅटरी तिरपी धरली.
खळगा अंगठ्याएवढा, खोल,
आणि आत गुळगुळीत.
एकही रेघ नाही.

"पोरंच ती," मी म्हटलं,
आणि रुंद ब्रश बुडवून
वार्निशचा पहिला हात तिथूनच सुरू केला.