निरंक

सेक्रेटरी होडेकर ना हरकत दाखला घेऊन आले
तेव्हा मी सुरमई साफ करत होते.
म्हणाले, मॅडम, आधी हात धुवा,
नाहीतर रजिस्ट्रार ऑफिसात मांजरं मागे लागतील.

मेंटेनन्स: मार्चअखेर भरलेला.
पार्किंग: वाटप नाही. स्कूटर जिन्याखाली, सवयीने.
कोर्टकचेरी: निरंक.
सिंकिंग फंडाची थकबाकी: निरंक.
प्रस्तावित मोठी दुरुस्ती: निरंक.

हा शब्द मी तेहतीस वर्षं लिहिला
एसटी डेपोत, हरवलेल्या सामानाच्या रजिस्टरात,
ज्या दिवशी कुणी काही विसरलं नाही त्या दिवशी.
तो खोटाही लिहिता येतो.
मी एकदा लिहिलाय,
एका जांभळ्या छत्रीसाठी.

"ऑडिटचं काय, होडेकर?"
ते खिडकीतून भाट्याच्या पुलाकडे बघू लागले,
जणू उत्तर तिकडून बसने यायचंय.
"सभेत मंजूर कुठे झालंय?
मंजूर नाही म्हणजे प्रस्तावित नाही,
आणि प्रस्तावित नाही म्हणजे..."

म्हणजे एकेचाळीस पानं
त्यांच्या कपाटात,
वर गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं.
पान नऊ: समुद्राकडचे कॉलम, आतले गज फुगलेले.
पान बावीस: माझं स्वयंपाकघर.
फोटोत माझा पोळपाट आलाय
आणि त्याच्या वर, छताला, राजापूर तालुक्याएवढी ओल.
शेवटच्या पानावर प्रत्येक सदनिकेचा वाटा:
दोन लाख ऐंशी हजार.

"तुम्ही बोललात तर सगळ्यांचाच भाव पडेल.
तळमजल्याच्या फणसोपकरांनाही विकायचंय.
मुलीचं लग्न आहे त्यांच्या."
खरं होतं.
अर्ध्या तासात ते एकही वाक्य खोटं बोलले नाहीत.

मी सुरमईला हळद-मीठ लावलं, झाकण ठेवलं.
म्हटलं, सभासद म्हणून अहवालाची प्रत मागते.
पानाला दोन रुपये, ब्याऐंशी होतात.
शंभराची नोट दिली. नोटेला वास होता.
सुटे नाहीत म्हणाले.

रविवारी तन्वी शिवलकर आली.
सिव्हिलला नर्स, नाइट ड्यूटी करून थेट,
पर्समध्ये मोजायची टेप.
मी चहाच्या आधी अहवाल पुढे ठेवला,
चहानंतर धीर झाला नसता.
तिने उभ्यानेच वाचला,
केसपेपर वाचावा तसा, मागून पुढे.
मग स्वयंपाकघरात गेली,
नखाने भिंतीचा पोपडा काढला
आणि जिभेला लावला.

"खारट आहे," म्हणाली.
"बाबा इथे सेंटरिंगला होते.
वाळू खाडीची, न धुतलेली, रात्रीची होडीतून यायची.
दोन पावसाळे भिजवायला हवी होती,
बिल्डरला दिवाळीपर्यंत किल्ल्या द्यायच्या होत्या.
घरी कधी बोलले नाहीत.
शेवटी वॉर्डात बोलले, मी सलाईन बदलताना."

थोडं थांबून,
"मी हे तुम्हाला सांगणार नव्हते, काकू.
फक्त किंमत पाडून मागणार होते."

विकणाऱ्याने काय उघड करायचं
त्याचे रकाने असतात, नियम असतात, शिक्का असतो.
घेणारीसाठी काही छापलेलं नाही.
आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो
आणि दोन लाख ऐंशी हजारांचे तुकडे पाडले:
दोन माझ्याकडून गेले, ऐंशी तिने घेतले.
कुणाचा तुकडा शेपटीकडचा, ते विचारलं नाही.
छत भांडी पडल्यासारखं वाजलं, वर कुणीतरी पाट सरकवला.
तिने वर बघितलं. मीही.

होडेकर नंतर जिन्यात भेटले,
पायऱ्या मोजत उतरले.
पण संध्याकाळी दाराच्या कडीला एक पाकीट होतं.
आत अठरा रुपये
आणि सोसायटीची पावती, शिक्क्यासकट:
झेरॉक्स, एकेचाळीस पाने, रुपये ब्याऐंशी फक्त.
कशाची, ते लिहिलं नव्हतं.